प्रसेनजितच्या बोटीवरचं जेवण

चौतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, तुळजापूर आगारात. तिकिटं काय, कुणीही फाडतं. मी मन लावून शिकलो ती एकच गोष्ट: माणसाला गाडी कशी लागते. सोलापूरहून गाडी निघाली की कोण तुळजापूरच्या घाटाआधी ओकणार आणि कोण घाट चढून झाल्यावर, हे मी तोंडं बघून सांगायचो आणि ड्रायव्हरशी चहाची पैज लावायचो. बहुतेक वेळा चहा मीच प्यालो.

खाकी शर्टाच्या डाव्या खिशात लिंबू असायचं, उजव्यात आल्याच्या वड्या. कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की मी लिंबू त्याच्या हातात द्यायचो. "वास घ्या, लांब समोर बघा, आणि बाहेर वाकू नका, मागच्या खिडकीत पावणे बसलेत." पोरं हसायची. म्हाताऱ्या आशीर्वाद द्यायच्या. येडेश्वरीच्या यात्रेच्या जादा गाड्या सुटायच्या तेव्हा दिवसाला डझनभर लिंबं लागायची. अणदूरच्या बाजारातली लिंबंवाली मला बघितलं की न विचारता पुडी बांधायची. आता नळदुर्गात घरी बसून हायवेवरून जाणाऱ्या गाड्या बघतो. काचा बंद, आत गारवा, पडदे ओढलेले. त्यात कुणाला गाडी लागत असेल का, आणि लागली तर त्याला कोण विचारत असेल, असं उगाच मनात येतं. ते दिवस फार आठवतात. अंगाला धूळ होती, डिझेलचा वास होता, पण चाळीस माणसं माझी होती.

आणि एवढ्या मोठ्या जाणकाराची बायको कशी, तर जिल्ह्यात सगळ्यात जास्त गाडी लागणारी बाई. मथुरा येरमाळ्याची. लग्न करून तिला नळदुर्गला आणलं तेव्हा नवरीनं माझ्या नव्या टॉवेलवर तीनदा उलटी केली. पहिली येडशीला, दुसरी धाराशिवच्या स्टँडवर. तिसरीची जागा मी सांगत नाही, कारण तिथं गाडी मुद्दाम थांबवून सगळं वऱ्हाड बघायला खाली उतरलं होतं. त्या दिवसापासून मथुरानं एक नियम केला. प्रवास असला की आदल्या संध्याकाळपासून तोंडाला कुलूप. पाणीसुद्धा दोन घोट. चाळीस वर्षांत तिनं घर सोडून कुठल्याही वाटेवर अन्नाचा कण खाल्ला नाही. मला कुटुंबासाठी फुकट पास मिळायचे. ते तसेच वाया गेले. मी तिला चिडवायचो, "कंडक्टरची बायको आन् गाडीचा वास सहन हुईना." ती म्हणायची, "तुमच्याशी लगीन केलंय, गाडीशी न्हाय."

आमचा एकुलता एक मुलगा प्रसेनजित. माझा बाप दुसऱ्यांच्या उष्ट्याखरकट्यावर जगला, म्हणून त्यानं पोटाला चिमटा काढून मला शिकवलं आणि मी सरकारी गाडीत ताठ मानेनं उभा राहिलो. माझा हिशोब सरळ होता. बाप राबला, मी उभा राहिलो, आता पोरगा खुर्चीत बसणार. तलाठी, ग्रामसेवक, गेलाबाजार एसटीतला क्लार्क. पोरानं सोलापुरात हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि प्रवाशांच्या मोठ्या बोटीवर आचारी म्हणून निघाला. मी दोन महिने त्याच्याशी धड बोललो नाही. "माझ्या बापानं लोकांची ताटं घासली, तू ती भरायला चाललास," एवढंच म्हणालो. त्यानं बॅग उचलली आणि गेला. त्याला आता आठ वर्षं झाली.

वर्षाकाठी वीस-पंचवीस दिवस घरी यायचा. आल्यावर म्हणायचा, "आई, आज म्या करतो सैपाक. तू नुस्ती बस." मथुरा त्याला चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. "सालभर लोकांसाठी रांधतुयास. हितं आल्यावर तरी आयतं खा." त्याचा चेहरा पडायचा. तिला वाटायचं पोरगं दमलंय. माझ्या ध्यानात आलं होतं की त्याला आईला खाऊ घालायचंय, पण मी कशाला मध्ये बोलू? मला तो आचारी झाल्याचाच राग होता.

मग गेल्या वर्षी फाल्गुनात त्याचा फोन आला. त्याची बोट मे महिन्यात मुंबई ते गोवा आणि परत अशी तीन दिवसांची सफर करणार होती. बोटीवरच्या माणसांच्या आईबापांना सवलत होती. त्यानंतर तो परदेशी बोटीवर जाणार होता, आणि तिथून दीड-दोन वर्षं तरी घर नाही. "अप्पा, आईला घिऊन या," तो म्हणाला. "घरी ती मला भांड्याला हात लावू देत न्हाय. तिनं एकदा माझ्या हातचं पोटभर जेवावं. बास, एवढंच."

मथुरानं ते ऐकलं आणि लगेच हो म्हणाली. मी तिच्याकडं बघतच राहिलो. येरमाळ्याला भावाच्या नातवाच्या बारशाला न गेलेली बाई समुद्रात जायला निघाली. मी म्हणालो, "अगं, तीन दिस बोट हलत असती. तीन दिस उपाशी ऱ्हाणार का?"

"उपाशी ऱ्हायले तर कशाला जायाचं?" ती म्हणाली. "पोराच्या हातचं खायलाच चाललेय नव्हं? तुमी एवढ्या लोकांची गाडी लागणं थांबवली. आता माझं थांबवा."

झालं. माझ्यातला कंडक्टर जागा झाला. शेजारच्या शिवकांताबाईंच्या अंगणात कडुलिंबाला झोका होता, लेकीसुनांसाठी बांधलेला. मी मथुराला रोज सकाळी त्यावर बसवायला लागलो. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग दहा, मग पंधरा. मी घड्याळ धरून उभा. शिवकांताबाई चहाचा कप घेऊन उंबऱ्यावर बसायच्या आणि मजा बघायच्या. "तात्याराव, या वयात बायकोला झोके देताय, आमच्या मालकांना जरा सांगा की," म्हणायच्या. मथुरा डोळे मिटून, दोर घट्ट धरून बसायची. उतरल्यावर तिचा चेहरा फिका पडलेला असायचा, पण म्हणायची, "उद्या वीस." महिनाभरात ती अर्ध्या तासावर आली आणि मला वाटलं, आपण जिंकलो.

इथं मी दोन चुका केल्या. माझ्यासारखा शहाणाच त्या करू शकतो. प्रसेनजित म्हणाला होता, "अप्पा, बोटीच्या मधली, खालच्या मजल्यावरची खोली बघतो." मी उडवून लावलं. मागच्या चाकावर बसला की माणूस उडतो आणि ओकतो, ड्रायव्हरच्या पाठीमागं बसला की त्याला काही होत नाही, हे मी चौतीस वर्षं बघितलंय. तू मला शिकवतोस? सोलापूरच्या एजंटाला सांगून मी सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची खोली घेतली. दुसरी चूक गोळ्यांची. डॉक्टरांनी बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या. मी त्या पिशवीत जपून ठेवल्या. आजार आलाच नाही तर गोळी कशाला फुकट घालवायची, असा माझा विचार.

बोट बघून मथुराचा जीव दडपला. "ही गाडी हाय व्हय? हे तर आख्खं तुळजापूर हाय," ती म्हणाली. जिना चढताना प्रसेनजित भेटला, पांढरा कोट, पांढरी उंच टोपी. मथुरानं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली. बाजूचे लोक बघत होते. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं खोलीचा नंबर विचारला आणि ऐकल्यावर नुसतं "अप्पा..." म्हणाला. मी म्हणालो, "समोरचं सगळं दिसतंय, एक नंबर खोली हाय."

मुंबई मागं पडली तोवर ठीक होतं. मग बोट मोकळ्या समुद्रात गेली. पावसाळा जवळ आला होता, वारा सुटला होता. एसटी खड्ड्यात जाते, एक दणका देते आणि मोकळी होते. बोट तसं करत नाही. ती पुढून हळूहळू वर उठते, क्षणभर थांबते, आणि मग खाली बसते, आणि आपलं पोट मात्र वरच राहतं. आणि पुढच्या टोकाला, वरच्या मजल्यावर हे वरखाली सगळ्यात जास्त. मला ते पहिल्या तासात कळलं. मथुराला त्याच्याही आधी. मी धावत जाऊन गोळी दिली, ती पाण्यासकट परत आली. लिंबू दिलं, आलं दिलं, पदराला लवंग बांधली. काही उपयोग झाला नाही. ती भिंतीकडं तोंड करून पडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच पडून होती. गोवा खिडकीतून आलं आणि खिडकीतूनच गेलं. मला काही झालं नाही. धडधाकट होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या धडधाकटपणाचा राग आला.

"माझं कायबी हुईना का," ती मधेच म्हणाली. "पण त्याचं जेवण ऱ्हायलं तर मी घरी जाऊन काय करू?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते उलटीचं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी प्रसेनजितला सुट्टी मिळाली आणि तो खोलीत आला. आईकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता कामाला लागला. पडदा बाजूला सारला. तिला उठवून पाठीला उशा लावल्या. "आई, भिंतीकडं न्हाय, तिकडं बघ, जिथं पाणी आन् आभाळ भेटतंय तिथं. ती रेघ हालत न्हाय, बघ. तिच्यावरच नजर ठेव." मग खिशातून कोरडे टोस्ट काढले, हिरव्या सफरचंदाच्या पातळ फोडी काढल्या. "उपाशी पोटी जास्त मळमळतंय. दर थोड्या वेळानं एक तुकडा. चावून चावून. पाणी घोट घोट." गोळी कधी द्यायची तेही त्यानं सांगितलं. पोट जरा स्थिर झालं की, आणि पुढची, बोट जोरात हलायला लागायच्या आधी. अर्ध्या तासानं त्यानं तिला आधार देऊन खाली नेलं, बोटीच्या बरोबर मधे, खालच्या मजल्यावर, एका मोठ्या काचेजवळ. तिथं खुर्चीत बसवलं. खरंच तिथं बोट निम्मीसुद्धा हलत नव्हती. मथुराच्या ओठांना जरा रंग आला.

मी हे सगळं बघत होतो. त्याचे हात इतके सवयीचे वाटले, जसे माझे कधीकाळी होते. मी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं रे?"

तो हसला. "कोण शिकवणार? सोतावरच शिकलो."

मग त्यानं सांगितलं. पहिल्या बोटीवर त्याला चार महिने रोज बोट लागायची. शेगडीशेजारी बादली ठेवून कांदे कापायचा. कापता कापता बादलीत ओकायचा, तोंड पुसायचा, पुन्हा सुरी उचलायचा. बाकीचे हसायचे. मोठा आचारी म्हणायचा, पुढच्या बंदरावर उतरवतो. अकरा किलो वजन गेलं. रात्री पलंगावर पडून छताला चिकटवलेल्या एका कागदाकडं बघत बसायचा, कारण तेवढाच हलत नाही असं वाटायचं. ऐकता ऐकता मथुरानं त्याचा हात धरला होता.

"फोनवर तर कधी बोलला न्हाईस," मी म्हणालो.

तो मग खाली बघत म्हणाला, "बोललो हुतो की अप्पा. एकदा."

आणि मला आठवलं. नळदुर्गच्या स्टँडवर मी चार दोस्तांत बसलो होतो. त्याचा फोन आला. आवाज बारीक. "अप्पा, मला परत यावं वाटतंय." मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो होतो, "आता गेलास नव्हं मर्जीनं? मग टिकून दाखव. कांदे कापायला म्या सांगितलं हुतं का?" आणि फोन ठेवला होता. दोस्त हसले होते. मीही हसलो होतो. त्यानंतर नऊ महिने दर रविवारी तो फोन करायचा आणि सगळं बरं आहे म्हणून सांगायचा.

मला लाज वाटली. अर्ध्या जिल्ह्याला मी लिंबं वाटली. कुठली कोण माणसं, ज्यांची नावं मला माहीत नाहीत, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आणि माझं स्वतःचं पोरगं समुद्रात एका बादलीवर वाकून ओकत होतं, आणि त्याला मी हे बोललो. त्यानंच माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "जाऊ द्या अप्पा. टिकलो की."

मथुरा म्हणाली, "ते माझ्याकडनं आलंय त्याला. माझंच हाय ते." मग सरळ बसली आणि पदर खांद्यावर नीट घेतला. "उद्या मी जेवणार. पोटभर."

"आई, तू उगं थोडंच खा. कोरडं, हलकं. उतरल्यावर बघू."

"पोटभर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. पौर्णिमेला आमच्याकडं खीर असते आणि ती मथुराच करते, त्यात आजवर खंड पडला नव्हता. प्रसेनजितनं त्याच्या मोठ्या आचाऱ्याकडून दुपारच्या गर्दीनंतर तासाभरासाठी एक शेगडी मागून घेतली. ज्वारीचं पीठ गोव्यात उतरून कुठून कुठून शोधून आणलं होतं. दोन वाजता आम्ही जेवायच्या मोठ्या खोलीत बसलो. खोली रिकामी झाली होती. वारा आदल्या दिवसापेक्षा वाढला होता. टेबलावरचे ग्लास हळूहळू एका बाजूला सरकायचे आणि परत यायचे. मी ते बघून मथुराकडं बघितलं. ती समोरच्या काचेतून ती रेघ बघत होती.

त्यानं ताट आणलं. भाकरी, उडदाचं घुटं, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि वाटीत गव्हाची खीर. भाकरी गोल, टम्म फुगलेली. माझ्या बापाचं आयुष्य, माझे ते टोमणे, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. लोकांची ताटं भरायला निघालेल्या पोरानं आईचं ताट भरलं होतं, आणि ते इतकं निगुतीनं भरलं होतं की मला त्याचा अभिमान वाटला. मी त्याला तसं सांगितलं. "लई चांगलं केलंस रे," म्हणालो. सात वर्षांत पहिल्यांदा. तो टोपी काढून उभा राहिला. पाठीमागं दारात त्याचे दोन-तीन सोबती डोकावत होते.

मथुरानं भाकरी मोडली, घुट्यात बुडवली, घास घेतला. सावकाश चावला. "मीठ बराबर हाय," ती म्हणाली. जे तिला ओळखतात त्यांना माहीत आहे, याच्या वरची शाबासकी तिच्याकडं नाही. पोराचा चेहरा असा उजळला की बस्स. तिनं आख्खी भाकरी खाल्ली. घुटं संपवलं. खिरीची वाटी रिकामी केली. तो वाकून विचारत होता, "आणखी आणू? हाय बक्कळ." ती मान हलवून म्हणाली, "आण की. तवर हात धुऊन येते."

तो आत गेला. ती उठली. टेबलाची कड धरून, मग खुर्चीची पाठ धरून, मग भिंत धरून ती बाजूच्या बोळात गेली. मी मागोमाग गेलो आणि बायकांच्या बाथरूमच्या दारापाशी थांबलो. आतून आवाज आला. सगळं गेलं. भाकरी, घुटं, खीर, सगळं. बराच वेळ नळ वाहत राहिला.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा धुतलेला. मी तिला धरलं. "मथुरा, बास झालं. खोलीत चल. पड जरा. मी सांगतो त्याला, दमली म्हणून."

"त्याला कळता कामा न्हाय," ती म्हणाली. तिला उभंही राहवत नव्हतं.

"अगं पण..."

"दुसऱ्यांदा घेतलं न्हाय तर त्याला वाटंल गोड झालं न्हाय." तिनं पदरानं ओठ पुसले, केस नीट केले, माझा हात सोडवला. "आन् तुमी तोंड असं करू नका. चला."

आम्ही परत येऊन बसलो. बोट वर उठली, थांबली, खाली बसली. प्रसेनजित पातेलं घेऊनच आला होता, हातात पळी, आणि इतका खूश होता की पाच वर्षांचा असताना दिसायचा तसा दिसत होता. मथुरानं रिकामी वाटी दोन्ही हातांनी त्याच्या पुढं धरली.

"वाढ," ती म्हणाली. "काठोकाठ."